ओरांगउटान बघायला बोर्निओत जाताना

तिसरीत असताना शाळेच्या कपाटातल्या एका जाडजूड पुस्तकात मी ओरांगउटानचं चित्र पाहिलं. तांबूस केसांची आई, तिच्या कुशीला घट्ट बिलगलेलं पिल्लू आणि खाली एवढंच लिहिलेलं: बोर्निओ बेट. रत्नागिरीच्या बाहेर फारशी न पडलेली मी नकाशात ते बेट शोधून त्यावर पेन्सिलीने टिंब काढून आले होते. प्रत्यक्ष तिथे पाय ठेवला तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. सोबत धाकटी बहीण होती.

परतल्यापासून ओळखीतले बरेच जण विचारतात, की आम्हालाही जायचंय, सुरुवात कुठून करायची? त्यांच्यासाठी हे सगळं एकदाच नीट लिहून काढते आहे. ज्यांनी परदेशातलं जंगल कधी पाहिलेलं नाही, कदाचित परदेशच पाहिलेला नाही, त्यांना नजरेसमोर ठेवून लिहिलंय.

आधी प्राणी ठरवा, मग जागा

बोर्निओ एक बेट असलं तरी त्यावर तीन देश आहेत: मलेशिया, इंडोनेशिया आणि छोटासा ब्रुनेई. पहिल्या फेरीसाठी मी मलेशियाचं साबा राज्य सुचवते. बेटाच्या ईशान्य टोकाला असलेल्या या राज्यात रस्ते चांगले आहेत, मुक्कामाच्या सोयी आहेत आणि गाईड इंग्रजी बोलतात. ओरांगउटानच्या तीन जाती मानल्या जातात: बोर्निओचा, सुमात्राचा आणि सुमात्रातलाच तापानुली. यातला तिसरा तर २०१७ साली वेगळी जात म्हणून नोंदवला गेला. बोर्निओच्या ओरांगउटानला २०१६ पासून 'अतिशय चिंताजनक', म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी जवळच्या, गटात टाकलं आहे. मादी सहा ते आठ वर्षांतून एकदाच पिल्लू देते. त्यामुळे एक मादी मारली गेली की तिची जागा भरून निघायला फार काळ जातो.

ओरांगउटानसोबत आणखी काय बघायचंय, ते कागदावर लिहा. लांब नाकाचं प्रोबोसिस माकड फक्त बोर्निओतच आहे आणि ते नदीकाठी दिसतं. बोर्निओचे हत्तीही नदीच्या आसपास फिरतात. ते सुमारे हजारच उरले आहेत. गिबन या लहानशा, बिनशेपटीच्या वानराची हाक ऐकायची तर जुनं, न तोडलेलं जंगल हवं. एकाच वेळी सगळं हवं असेल तर तीन जागा पुरतात: सेपिलोक, किनाबातांगान नदी आणि दानुम खोरं. याहून जास्त जागा पहिल्या फेरीत घेऊ नका.

हे मी ठासून सांगते, कारण आम्हाला एका सहल कंपनीने दिलेल्या आराखड्यात सहा दिवसांत पाच ठिकाणं होती. नदीवर एकच रात्र, तीही संध्याकाळी उशिरा पोहोचून. आम्ही तो आराखडा नाकारला आणि स्वतः ठरवलं. जंगलात एका जागी तीन रात्री राहिलात की तिसऱ्या दिवशी डोळे आणि कान जरा तयार होतात. ठिकाणं कमी करा, रात्री वाढवा.

कधी जायचं, किती दिवस

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा साबाच्या पूर्वेकडचा जास्त पावसाचा काळ. नदीला पूर येतो, पायवाटा पाण्याखाली जातात. मार्च ते ऑक्टोबर बरा. जून ते ऑगस्टमध्ये युरोपातल्या पाहुण्यांची गर्दी असते आणि खोल्या महिनोन्महिने आधी भरतात. 'कोरडा' हा शब्द मात्र तिथे आपल्या अर्थाने घेऊ नका. कोरड्या महिन्यातही दुपारी तासभर धो धो पडून जातं.

घरातून निघून घरी परतेपर्यंत अकरा दिवस धरा. आम्ही असे वाटले: सेपिलोकला दोन रात्री, नदीवर तीन, दानुमला तीन, बाकीचे प्रवासात. हाच क्रम ठेवा. नदीवर प्राणी सहज दिसतात, त्यामुळे मन भरतं आणि दानुमच्या दाट जंगलात वाट बघण्याची तयारी होते. उलट केलंत तर पहिल्या तीन दिवसांत निराश व्हाल.

कागदपत्रं आणि विमानं

भारतीय पासपोर्टवर १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येतं. ही सवलत मुदतीची आहे आणि तिची मुदत वाढवत नेली आहे. म्हणून तिकीट काढण्याआधी त्या दिवशीचा नियम बघाच. पासपोर्ट किमान सहा महिने चालणारा हवा. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही, लगेच बंद करा.

मुंबईहून क्वालालंपूर साधारण पाच तास. तिथून साबाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सांडाकान शहराला दुसरं विमान, आणखी तीन तासांच्या आत-बाहेर. हे विमान देशांतर्गत असलं तरी साबात उतरल्यावर पुन्हा पासपोर्ट तपासतात, कारण साबाचं इमिग्रेशन वेगळं आहे. पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकून ती चेक-इन करू नका. दोन विमानांमध्ये चार तास तरी ठेवा. परतताना दानुमहून लाहाद दातूला यायचं, तिथून कोटा किनाबालू आणि मग क्वालालंपूर.

प्रवास विमा घ्याच, आणि जंगलातून रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात धरलेला आहे का, ते विचारा. साबाच्या पूर्व किनाऱ्याबद्दल काही देश आपल्या नागरिकांना सावधगिरीच्या सूचना देतात. त्यामुळे हा भाग विम्यातून वगळलेला नाही ना, हेही लेखी घ्या.

मुक्काम

नदीवर सुकाऊ आणि बिलित या गावांभोवती लॉज आहेत. ते बहुधा 'दोन रात्री, तीन दिवस' अशा हिशेबाने पैसे घेतात. त्यात जेवण, सांडाकानहून ने-आण आणि होडीच्या फेऱ्या धरलेल्या असतात. दोन लॉजच्या दरांची तुलना करताना होडीच्या फेऱ्या किती आणि एका होडीत माणसं किती, हे विचारा. खोलीचे फोटो नंतर बघा. सहा-आठ जणांची होडी असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

खर्च कमी करायचा असेल, किंवा गावातल्या माणसांत राहायचं असेल, तर नदीच्या वरच्या अंगाला बातू पुतेह गाव आहे. तिथे 'कोपेल' ही गावकऱ्यांची सहकारी संस्था घरगुती मुक्कामाची सोय करते आणि उजाड झालेल्या जागी झाडंही लावते. साखर कारखाने आणि दूध संघ बघत वाढलेल्या आपल्या माणसांना ही संस्था चटकन जवळची वाटेल.

दानुमला दोनच पर्याय आहेत: महागडं रेनफॉरेस्ट लॉज किंवा संशोधकांसाठी बांधलेलं फील्ड सेंटर. फील्ड सेंटरमध्ये पाहुण्यांना राहता येतं, खोल्या साध्या असतात. आधी आरक्षण केल्याशिवाय मात्र आत सोडत नाहीत. म्हणून सगळ्यात आधी दानुमच्या तारखा पक्क्या करा, मग नदीच्या, आणि विमानाची तिकिटं त्यानंतर.

घरी करायचा सराव

हा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि मला तर तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आयुष्यात पहिल्यांदा दुर्बीण डोळ्याला लावायची ती बोर्निओत, असं करू नका. ८x४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी दुर्बीण घ्या आणि दोन महिने रोज वीस मिनिटं घराजवळच्या झाडावर वापरा. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी शोधायचा, नजर तिथून न हलवता दुर्बीण वर आणायची. हे हाताला सवयीचं होईपर्यंत प्राणी निघून जातो.

पावसाळ्यात आंबोलीला जाऊन या. अंगावर जळू चढली की नेमकं काय होतं, ते तिथे कळेल आणि भीती तिथेच संपेल. रात्री टॉर्च घेऊन चालण्याचाही सराव होईल. मग हिवाळ्याच्या शेवटी कोकणात फळलेला वड किंवा उंबर शोधा आणि पहाटे त्याच्यापासून जरा लांब बसा. चिपळूण-देवरुखकडे नशीब असेल तर धनेश येतील. त्यांच्या पंखांचा घोंगावणारा आवाज एकदा कानात बसला की बोर्निओत मान वर करायची वेळ चुकणार नाही. तिथे धनेशाच्या आठ जाती आहेत, आणि त्यांची नाळही उंबराच्या गोतातल्या झाडांशीच जुळलेली आहे. ओरांगउटानचंही तसंच. तिथला गाईड प्राण्याच्या मागे धावत नाही. फळलेलं झाड गाठतो आणि थांबतो.

सामान

कपडे कमी आणि पटकन वाळणारे घ्या, जीन्स नको. लांब बाह्यांचे, फिक्या पण भडक नसलेल्या रंगाचे शर्ट. डोक्याला बांधायचा टॉर्च, पाठपिशवीसकट अंगावर येणारा रेनकोट, पाणी आत न जाणारी एक पिशवी. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे मिळतात. ते पँटच्या वरून चढवायचे. बुटांसाठी फार पैसे घालू नका. तिथली जंगलात काम करणारी माणसं काळे, खिळेदार तळव्याचे रबरी बूट घालतात. त्यांना गंमतीने 'कांपुंग आदिदास', म्हणजे गावठी आदिदास म्हणतात. सांडाकानच्या बाजारात ते स्वस्तात मिळतात, चिखलात घसरत नाहीत आणि धुतले की लगेच वाळतात.

विजेचं सॉकेट ब्रिटिश पद्धतीचं, तीन चौकोनी पिनांचं असतं. तसा अ‍ॅडॉप्टर हवा.

कॅमेऱ्याबद्दल एक गोष्ट. सुकाऊला आमच्या खोलीत एसी होता आणि मी कॅमेरा रात्रभर आतच ठेवला. पहाटे होडीत बसून झाकण काढलं, तर बाहेरच्या दमट हवेने काच पांढरी झाली. पुसली की पुन्हा पांढरी. त्याच दहा मिनिटांत राइनोसेरॉस धनेशाची जोडी डोक्यावरून गेली. फोटो राहिला, पण दुर्बीण गळ्यात होती, तिने पाहिली. दुसऱ्या दिवसापासून कॅमेरा पिशवीत बंद करून व्हरांड्यात ठेवला. निघण्याआधी तासभर ठेवला तरी चालतं.

जेवण आणि तब्येत

शाकाहारी असाल तर आरक्षण करतानाच लेखी कळवा आणि मासे, कोळंबीची पेस्ट, ऑयस्टर सॉस हेही चालत नाही, असं स्पष्ट लिहा. नाहीतर भाजीतही सुक्या कोळंबीची चव येईल. भात, अंडी, टोफू आणि पाण्यातल्या पालेभाजीसारखी 'कांगकोंग' सगळीकडे मिळते. आम्ही मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि चिक्की नेली होती. ताजी फळं किंवा बियाणं सोबत नेऊ नका.

जाण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. साबात माकडांपासून डासांमार्फत माणसाला होणारा मलेरियाचा एक प्रकार आहे. तुमच्यासाठी गोळ्या हव्यात की नाही, ते डॉक्टरच सांगतील. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर 'मी साबाच्या जंगलात होते' हे वाक्य डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा.

जळवा दोन तऱ्हेच्या भेटतात. एक तपकिरी, जमिनीवरून चढणारी. ती चावलेली कळतही नाही. दुसरी पट्टेरी, पानांवर ताठ उभी राहणारी. ती चावते तेव्हा चांगलं कळतं. ओढू नका. नख तिच्या तोंडाखालून सरकवा, सुटते. रक्त मात्र बराच वेळ वाहतं, कारण ती रक्त गोठू न देणारा पदार्थ सोडते. घाबरू नका, कापूस दाबून धरा.

सेपिलोक: पहिली ओळख

सांडाकानजवळचं सेपिलोक केंद्र १९६४ साली सुरू झालं. आई मारली गेलेली, पिंजऱ्यात पाळलेली पिल्लं इथे येतात आणि झाडावर चढणं, घरटं बांधणं, खाणं शोधणं शिकून लगतच्या सुमारे ४३ चौरस किलोमीटर राखीव जंगलात मोकळी होतात. सकाळी दहा आणि दुपारी तीनला मचाणावर फळं ठेवतात. तेव्हा काही ओरांगउटान येतात, काही येत नाहीत. जंगलात फळं भरपूर असली तर एकही येत नाही. अशा दिवशी हिरमुसू नका. पिल्लू पोट भरायला शिकलं, हेच तर त्या केंद्राला हवं असतं.

तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर इथे जाऊ नका. आपली सर्दी त्यांना होते आणि जिवावर बेतू शकते. फ्लॅश बंद ठेवा. एखादा लाकडी वाटेवरच आला तर मागे सरा, किमान दहा मीटर.

शेजारीच सन बेअर या जगातल्या सर्वांत छोट्या अस्वलाचं केंद्र आहे. संध्याकाळी मात्र रेनफॉरेस्ट डिस्कव्हरी सेंटरच्या उंच पुलावर जा. सूर्य मावळता मावळता मोठ्या तांबड्या उडत्या खारी ढोलीतून बाहेर येतात, खोडाच्या टोकापर्यंत चढतात आणि हातपाय पसरून समोरच्या झाडावर तरंगत जातात.

किनाबातांगान: तीन रात्री नदीवर

५६० किलोमीटर लांबीची ही साबाची सर्वांत मोठी नदी. सांडाकानहून सुकाऊला गाडीने दोन-अडीच तास लागतात आणि त्यातला बहुतेक वेळ दोन्ही बाजूंना फक्त तेलताडाची लागवड दिसते. रांगेत, एका मापाची, क्षितिजापर्यंत. माझी बहीण तासभर बोलली नाही. नदीवर प्राणी इतके सहज का दिसतात, याचं उत्तर त्या रस्त्यावरच मिळतं: लागवडीने जंगल खाल्लं आणि उरलेल्या काठाच्या पट्ट्यात सगळे गोळा झाले. २००५ साली सुमारे २६,००० हेक्टरचं अभयारण्य जाहीर झालं, तेही सलग नाही, तुकड्यांचं आहे.

इथे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारासच मावळतो. होडी पहाटे सहाला, दुपारी चारला आणि जेवणानंतर रात्री निघते. एकही फेरी सोडू नका. चारच्या फेरीत प्रोबोसिस माकडं हमखास दिसतात, कारण रात्री झोपायला ती काठावरच्या झाडांवर येतात. मोठ्या नराचं नाक तोंडावरून खाली लोंबतं आणि घास घेताना ते बाजूला सरतं. पोट सुटलेलं असतं, कारण पानं पचवायला त्यांना अनेक कप्प्यांचं पोट लागतं. पाण्यावर वाकलेल्या फांद्यांवर घोंगी खंड्या बसलेला असेल. तो आपल्याकडचाच, ओळख लगेच पटते. रात्री टॉर्चच्या उजेडात पाण्यालगत दोन लाल ठिपके दिसले तर ती मगर. हात होडीबाहेर काढू नका.

होडीत बसल्यावर नावाड्याला आणि गाईडला सांगा की आम्हाला यादी पुरी करायची नाही, एका जागी थांबायला आवडेल. हे ऐकून आमच्या गाईडचा चेहरा खुलला. मग त्याने ओरांगउटानची घरटी दाखवली: पानं हिरवी असतील तर कालपरवाचं, तपकिरी असतील तर जुनं. तीन दिवसांत अकरा घरटी मोजली, ओरांगउटान एकही नाही.

शेवटच्या पहाटे धुकं इतकं होतं की समोरचा काठ दिसत नव्हता. नावाड्याने इंजिन बंद केलं, कान दिला आणि हलकेच म्हणाला, "गाजाह." कोणी अर्थ सांगायची गरज पडली नाही. मलय भाषेत हत्तीला आपलाच गज आहे. आधी फांद्या मोडल्याचा आवाज आला, मग ओल्या गवताचा वास, आणि धुक्यातून सात पाठी पाण्याकडे उतरल्या. बाकीच्या होड्या धावत आल्या तेव्हा आमच्या गाईडने आमची होडी मागे घेतली. हत्तिणीने कान फडफडवले, पिल्लाला पोटाखाली घेतलं. अशा वेळी गाईड मागे सरला तर त्याला पुढे जायचा आग्रह करू नका. उतरताना त्याला मनापासून 'तेरिमा कासिह', म्हणजे धन्यवाद, म्हणा.

दानुम

लाहाद दातूहून दोन-अडीच तासांचा कच्चा रस्ता आणि मग ४३८ चौरस किलोमीटर कधीही न तोडलेलं जंगल. इथे १००.८ मीटर उंचीचं पिवळ्या मेरांतीचं झाड मोजलं गेलंय. त्याचं नाव 'मेनारा', म्हणजे मनोरा. झाडं इतकी उंच की प्राणी असले तरी दिसत नाहीत. मान दुखते, घाम थांबत नाही, तासन्तास फक्त किडे आणि पानं. पहाटे गिबनांची हाक येते, लांबून चढत जाणारी. तेवढ्यासाठीही इथे यावं. रात्रीच्या फेरीत पिसोरीसारखं चिमुकलं हरीण दिसलं. वाटेवर एका झाडाला क्लाउडेड लेपर्ड या ढगांसारख्या ठिपक्यांच्या रानमांजराच्या नखांचे ओरखडे होते, तो मात्र दिसला नाही.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला गाईड एका उंबराच्या गोतातल्या झाडाखाली थांबला. जमिनीवर अर्धवट चावलेली फळं पडली होती, ओली. त्याने बोट ओठावर ठेवलं. आम्ही खाली न बसता, खोडाला टेकून, पाऊण तास उभ्या राहिलो. अशा वेळी मोबाइल काढू नका, बोलू नका, जळू चढली तरी हळूच काढा.

आधी एक फांदी वाकली, वाऱ्याच्या उलट दिशेने. मग तांबूस लांब हात दिसला. मादी होती, पोटाशी पिल्लू. तिने शेजारच्या झाडाचा दुबेळका निवडला, फांद्या एकेक करून आत ओढल्या आणि पायाखाली दाबल्या. मोडताना प्रत्येक फांदीचा कडाड आवाज यायचा आणि पानं आमच्या अंगावर पडायची. आठ-दहा मिनिटांत घरटं झालं. शेवटी तिने पानांचा एक झुबका तोडून डोक्यावर घेतला. पिल्लाचा हात एकदाच बाहेर आला, एक पान धरलं आणि आत गेला. मग काहीच हललं नाही. गाईडने टॉर्च न लावता परतीची वाट धरली आणि आम्ही त्याच्या मागे, ओढा ओलांडेपर्यंत अंधारातच चालत राहिलो.